निरोगी माणसाचा श्वास

वरळी कोळीवाड्यात जन्मून आणि तिथंच लग्न करूनही तुळसानं मासळीची टोपली कधी डोक्यावर घेतली नाही. आई जाई, सासू जाई, जावा जात. ही मात्र दहावी झाली आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयात लागली. आधी साफसफाईला, मग वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायला. मासळीचा वास नको म्हणून औषधाच्या वासात गेली, असं जावा म्हणत. तुळसा ऐकून घेई. धुऊन, पुसून, ओळीनं उलटी घातलेली काचेची भांडी बघितली की तिला बरं वाटे. बावीस वर्षांत तिच्या हातून तीन भांडी फुटली, आणि ती तिन्ही कशी फुटली हे तिला आठवत असे.

नाकानं मात्र ती कोळीणच राहिली. दारातून आत पाऊल टाकताच कुठल्या बाटलीचं बूच सैल राहिलंय ते ती सांगे. आईनं लहानपणी शिकवलं होतं की मोरी मासा ताजा की शिळा हे डोळ्यांनी ओळखू जाऊ नये. मोरी शिळी झाली की नाकात झिणझिणी येते, डोळ्यांत पाणी येतं. तोच दर्प पुढं एका माणसाच्या तोंडाला तिनं हुंगला होता. कुशाबा, तिचा थोरला भाऊ. त्याच्या किडन्या गेल्या तेव्हा चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, ती त्याच्या डायलिसिसच्या मशीनशेजारी स्टुलावर बसली होती. शेवटी शेवटी तो बोलायला लागला की बायका पदर नाकाला लावत. तुळसानं कधी लावला नाही, पण वास तिला येत होता.

म्हणूनच डॉक्टर सुनेत्रा कामतांनी नवं काम सुरू केलं तेव्हा, काय चाललंय ते प्रयोगशाळेत तिला सगळ्यांच्या आधी कळलं. किडनी बिघडली की रक्तातली घाण निघत नाही, आणि तिचा थोडा अंश अमोनिया होऊन श्वासात उतरतो. तो श्वासातच पकडायचा, सुई न टोचता. कामत मॅडमचा विद्यार्थी शंतनु तिला मशीन दाखवत होता. गिरगावातल्या वाडीत वाढलेला, हुशार, सदा घाईत असलेला मुलगा. नखाएवढी चकती, तिच्यावर धातूच्या दोन फण्या एकमेकींत दात अडकवून बसलेल्या, आणि त्यांच्यावर पांढुरका थर. तो थर म्हणजे तंतूंचं जाळं आहे, असं तो म्हणाला. एकेक तंतू केसाच्या हजाराव्या भागाइतका बारीक. चकती तापवायची, तिच्यावर फुंकायचं, अमोनियाचे कण तंतूंना चिकटले की त्यातून जाणारी वीज बदलते आणि पडद्यावर आकडा येतो.

"म्हणजे नाकच की," तुळसा म्हणाली.

शंतनु हसला. नाकच, पण न दमणारं, असं म्हणाला.

अडचण एकच होती. माणसाचा श्वास दमट असतो, आणि दमट हवेत हे नाक रोज थोडं वेगळं वागतं. म्हणून दररोज सकाळी त्याला आधी एक निरोगी श्वास हुंगवायचा, आणि त्या दिवशी येणाऱ्या रुग्णांचे श्वास त्याच्याशी ताडून बघायचे, असं ठरलं. निरोगी माणसाच्या तिप्पट आकडा आला की लाल दिवा. त्या माणसाला रक्त तपासायला पाठवायचं. त्याच्या आत असला की हिरवा. त्याला घरी जाऊ द्यायचं.

निरोगी माणूस शोधायला लागले तेव्हा मात्र कठीण झालं. कुणी सिगारेट ओढणारा, कुणाला साखर, कुणाला रक्तदाब. तुळसाला मशेरी नाही, तंबाखू नाही, सुपारीसुद्धा नाही. अख्ख्या कोळीवाड्यात असं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. तिचं रक्त, लघवी, सगळं तपासलं आणि सगळं चोख निघालं. वय एकोणपन्नास. तिचं नाव कागदावर चढलं.

मग रोजचं ठरून गेलं. साडेआठला यायचं, दिलेल्या आंबट पाण्यानं चूळ भरायची, प्लॅस्टिकची नळी ओठांत धरून दहा आकडे मोजेपर्यंत सावकाश फुंकायचं. पडद्यावर चाळीस येई. कधी एकोणचाळीस, कधी बेचाळीस. तुळसा तो आकडा तारखेसकट भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिही. महिना संपला की शंतनु फळ्याचा फोटो काढून घेई आणि ती फळा पुसे. घरी नवऱ्याला, रघूला, तिनं सांगितलं की माझ्या फुंकरीशिवाय ती मशीन सुरूच होत नाही. रघू जाळ्याची गाठ मारत होता. तो म्हणाला, घरातलं सगळं पण तुझ्या फुंकरीवरच चालतं.

तिचा हा अभिमान खोटा नव्हता. पहिल्या वर्षात त्या मशीननं अठ्ठावीस माणसं लाल दाखवली, आणि त्यातल्या पंचवीस जणांच्या किडन्या खरोखरच बिघडलेल्या निघाल्या. भायखळ्याच्या भाजीबाजारात, लालबागच्या मंडळाच्या हॉलमध्ये शिबिरं झाली. मशीन टेबलावर, शेजारी शंतनु आणि नळ्या बदलायला तुळसा.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर आकडा हलला. त्रेचाळीस. सेहेचाळीस. एकदा पन्नास आला तेव्हा तुळसानं चूळ नीट भरली नसेल म्हणून पुन्हा भरली आणि पुन्हा फुंकलं. पन्नासच. शंतनुनं बघितलं आणि ड्रिफ्ट आहे म्हणाला. चकती जुनी झाली की अशीच भरकटते. काळजी नाही, सगळे आकडे तुमच्याच आकड्याशी ताडतो आपण, त्यामुळं ते आपोआप दुरुस्त होतं.

खरं तर हे पडताळून बघायला एक सिलिंडर असे, मोजून भरलेल्या अमोनियाचा. तो संपला होता. नव्याचा कागद खरेदी विभागात गेला होता आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता.

फेब्रुवारीत आकडा त्रेसष्टवर गेला. शंतनुनं चकती बदलली. नवी चकती, नवे तंतू, भट्टीतून आदल्या दिवशी काढलेले. तुळसानं फुंकलं. चौसष्ट.

"ही बॅचच जरा तिखट दिसतेय," शंतनु म्हणाला.

तुळसा फळ्यापुढं लेखणी धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सर, तुम्ही एकदा फुंकून बघता?"

तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, की त्याची सकाळपासून दोन कॉफ्या झाल्यात, त्याचं चालणार नाही, आणि कागदावर नाव तुळसाताईंचं आहे, दुसऱ्याचं घेतलं तर मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल. उर्मटपणानं नाही बोलला. त्याला महिन्याअखेर काहीतरी पाठवायचं होतं.

त्या दिवसांत तुळसाला जेवण लागेनासं झालं. तोंडाला पितळेची भांडी चाटल्यासारखी चव येई. भरलेलं पापलेट तिनं पानात तसंच ठेवलं, तेव्हा रघूनं एकदा तिच्याकडं आणि एकदा पानाकडं बघितलं. अंगाला खाज सुटे. संध्याकाळी चपलेचे पट्टे पावलांत रुतून लाल वळ उठत. बसमध्ये उभं राहून राहून होतं, असं ती म्हणे. गुडघे दुखत होते, ते तर सहा वर्षांचं जुनंच. नाक्यावरच्या औषधवाल्याकडून ती दुखण्याची गोळी आणी, सकाळी एक, संध्याकाळी एक. कुणा डॉक्टरनं लिहून दिलेली नव्हती, जावेची बघून घेतलेली. कितीही लांबची शिफ्ट असो, गोळीवर ती उभी राही.

मार्चमध्ये एका दुपारी शंतनु आणि मॅडम बैठकीला गेले होते. प्रयोगशाळेत तुळसा एकटी. मशीन तापलेलंच होतं. ती बाहेर गेली आणि लिफ्टवाल्या निलेशला हाक मारून आत घेऊन आली. निलेश पंचविशीतला, काळाचौकीच्या व्यायामशाळेत जाणारा. काय करायचंय मावशी, असं विचारत त्यानं चूळ भरली आणि नळी तोंडात धरली. तुळसानं दहा आकडे मोजले.

बेचाळीस.

त्याला पाठवून तिनं नळी बदलली. दार लावून घेतलं. स्वतः चूळ भरली, दोनदा, आणि फुंकलं. पडदा थोडा वेळ तसाच राहिला, मग आकडा चढत गेला आणि सत्त्याण्णववर थांबला.

चकतीही तीच आणि दुपारही तीच. तुळसा स्टुलावर बसली. हाताची ओंजळ तोंडापुढं धरून तिनं श्वास सोडला आणि हुंगला. काही आलं नाही. तिला मासळीबाजाराच्या कडेला राहणारी माणसं आठवली; त्यांना बाजाराचा वास येत नाही. ज्याच्या त्याच्या घरचा वास त्याला येत नाही.

इथं तुळसानं जे केलं, त्याचं कारण पुढं तिला अनेकांनी विचारलं आणि ते तिला कुणालाच नीट सांगता आलं नाही. तिनं काहीच केलं नाही. मॅडमना सांगितलं नाही, रघूला सांगितलं नाही, खाली जाऊन रक्त दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आली, चूळ भरली, फुंकलं, अठ्ठ्याण्णव लिहिलं. कुशाबाचा हात तिला दिसे. सुया टोचून टोचून दोरासारखी फुगलेली शीर, आणि तिच्यावर कान ठेवला तर आतून येणारी घरघर. एकदा कागदावर नाव आलं की त्या स्टुलावर दुसरं कुणीतरी बसणार आणि खाटेवर आपण, एवढंच तिला कळत होतं. कागदावर नाही तोवर नाही. होळी होऊ दे, मग बघू. पाडवा होऊ दे.

पाडव्यानंतर लालबागला शिबिर लागलं. मसाल्याचे दिवस. मिरची गल्लीतून मसाला कुटणाऱ्या डंखांचा धडधडाट येत होता आणि हॉलच्या खिडक्या लावून घेतल्या तरी येणारा माणूस शिंकतच आत येई. शंतनु चकतीच्या काळजीनं बेजार झाला होता. ओळीत बुधाजी राणे उभे होते. एका डंखावर चाळीस वर्षं मिरच्या आणि खडा मसाला कुटणारे, भुवयांपर्यंत तिखटानं लालसर झालेले, साखरेचा आजार असलेले. पहिल्या वर्षीच्या शिबिरातही ते आले होते आणि तेव्हा हिरवा दिवा लागला होता. तुळसाला ते 'बाय' म्हणत.

त्यांनी फुंकलं. नळी धरलेली तुळसा पडद्याच्या बाजूलाच होती. कच्चा आकडा आला, दोनशे तीस.

पहिल्या वर्षी हा आकडा आला असता तर हॉलमध्ये सगळ्यांनी वळून बघितलं असतं. एकशे वीसच्या पुढं लाल, हे तेव्हा तिला पाठ होतं. पण त्या दिवशी सकाळी तिचा स्वतःचा आकडा एकशे एक होता. तीनशे तीनच्या आत सगळं हिरवं. मशीननं क्षणभर विचार केला आणि हिरवा दिवा लावला.

"काय म्हणता तुझां मशीन, बाय?" बुधाजींनी विचारलं. "बरां आसा मां?"

तुळसाच्या तोंडाशी शब्द आले. तिनं शंतनुकडं बघितलं. त्यानं पुढच्या माणसाचा कागद उचलला होता आणि तो त्याचं नाव विचारत होता. मागं तीसेक माणसं उभी होती.

"हिरवा हाय काका," ती म्हणाली.

बुधाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं केलं आणि पायऱ्या उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका पोराच्या हाती तिच्यासाठी पावशेर मसाल्याची पिशवी पाठवली. ती पिशवी तुळसानं फोडली नाही.

पुढचे अडीच महिने आकडा वरच जात राहिला. एकशे सात, एकशे बारा, एकशे अठरा. शंतनुनं ड्रिफ्टवर एक आख्खं प्रकरण लिहिलं, त्यात आलेख काढला, आणि एकदा तो तिला कौतुकानं दाखवलाही. एक शांत, चढती रेघ. तुळसानं ती शेवटपर्यंत बघितली. रेघ कागदाच्या उजव्या काठाला टेकली होती आणि कागद तिथं संपला होता.

जून संपता संपता एका सकाळी ती तळमजल्यावरून धुतलेली भांडी घेऊन वर निघाली होती. किडनीच्या वॉर्डाकडं जाणारी एक ट्रॉली लिफ्टसमोर थांबली. आधी तिला पाय दिसले, चादरीबाहेर आलेले, कणीक मळून ठेवल्यासारखे सुजलेले. मग चेहरा. भुवयांत अजून लालसर रंग होता. शेजारी सून सलाईनची बाटली धरून उभी होती.

बुधाजींनी तिला ओळखलं. श्वास लागत होता, तरी त्यांनी मान तिच्याकडं वळवली. त्या श्वासाचा दर्प तिच्यापर्यंत आला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"बरां आसा म्हणान सांगितलंस मां गो, बाय?" ते म्हणाले.

रागानं नाही. त्यांना खरोखरच विचारायचं होतं, आपल्या ऐकण्यात काही चूक झाली का ते. निलेशनं लिफ्टचं दार ओढलं आणि ट्रॉली आत गेली.

तुळसानं भांड्यांचा ट्रे तिथंच जमिनीवर ठेवला आणि जिन्यानं वर गेली. मॅडमच्या खोलीत शंतनुही होता. तिनं दार वाजवलं नाही.

"मशीन बिघडली नाय मॅडम," ती म्हणाली. "मी बिघडलेय."

मग तिनं सगळं सांगितलं. निलेशचा बेचाळीस, तिचा सत्त्याण्णव, तारीख, वेळ. बुधाजींचा दोनशे तीस. सांगून झाल्यावर कामत मॅडमनी तुळसाचा हात धरला, तो कोपरापर्यंत उलटसुलट करून बघितला, खालची पापणी ओढून बघितली, आणि स्वतः तिला घेऊन रक्त द्यायला गेल्या. रक्तदाब एकशे नव्वद निघाला. संध्याकाळी रिपोर्ट आला. क्रिएटिनिन चार पूर्णांक एक. किडन्यांचं काम शंभरातलं बारा-तेरा उरलं होतं.

मॅडमनी गोळ्यांचं विचारलं, भावाचं विचारलं. गोळ्यांनी झालं, की रक्तदाबानं, की घरातच होतं, हे आता वेगळं काढून सांगता येणार नाही, असं म्हणाल्या. मग खिडकीबाहेर बघत पुढं म्हणाल्या, की दोन वर्षांपूर्वी एकदा तपासून आम्ही तुला निरोगी ठरवलं आणि नंतर तपासलंच नाही. ती चूक माझी आहे.

शंतनु एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होता. त्यानं विचारलं, "तुम्ही मार्चमध्येच का नाही सांगितलंत?"

मग तोच म्हणाला, "फेब्रुवारीत तुम्ही मला फुंकायला सांगितलं होतंत." आणि खुर्चीवर बसला.

दुसऱ्या दिवशी काम बंद झालं. मॅडमनी रुग्णालयाच्या समितीला लेखी कळवलं. शंतनुनं तुळसाचा चढता आकडा काढून टाकला, त्या जागी पहिल्या वर्षाचा चाळीस घातला, आणि दिवाळीपासूनच्या दोनशे चौदा माणसांचे कच्चे आकडे पुन्हा ताडले. हिरव्यातून लाल झालेली अकरा माणसं निघाली. यादी त्यानं छापून टेबलावर ठेवली. बुधाजी राणे सातवे होते.

रघूला तिनं त्याच रविवारी सांगितलं. तो धक्क्यावर बसून जाळं नीट करत होता. ऐकताना त्याचा हात थांबला नाही. गाठ पुरी करून त्यानं दाभण खाली ठेवली.

"माजी घे," तो म्हणाला.

किडनी म्हणजे काय हे त्याला नेमकं ठाऊक नसावं, पण कुशाबाच्या वेळी दोन असतात एवढं त्यानं ऐकलं होतं. त्याची तपासणी झाली. साखर निघाली, तीही जुनी, त्याला पत्ता नसलेली. डॉक्टरांनी नाही म्हटलं. घरी येताना बसमध्ये दोघं शेजारी बसली होती. वरळी नाक्याला उतरताना तो म्हणाला, माझं तरी कळलं यामुळं.

तुळसाच्या हातावर, मनगटाच्या वर, शीर जोडायची छोटी शस्त्रक्रिया करायची ठरली. म्हणजे वेळ येईल तेव्हा डायलिसिसच्या मशीनला जागा तयार. मॅडमनी तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. तिनं यादी मागितली. फोन कुणीही करू शकेल, शंतनुही करेल, असं मॅडम म्हणाल्या. तुळसा म्हणाली, त्यांना हिरवा सांगताना नळी माझ्या हातात होती.

फोन तिनंच केले. पहिल्या वाक्याला तिचा आवाज जाई, म्हणून तिनं ते वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं. शिबिरात तुमची तपासणी चुकली, चूक आमची आहे, उद्या उपाशीपोटी या. काहींनी शिव्या घातल्या. एकीनं, हे फसवणुकीचे फोन असतात म्हणून ठेवून दिला; तिच्या घरी तुळसा स्वतः गेली, गिरगावात, तीन मजले थांबत थांबत चढून. महिन्याभरात नऊ जण येऊन गेले. सहा जणांचं वेळेत सापडलं होतं, औषधावर सांभाळता येईल असं. तिघांचं उशिरा. बुधाजी तर आधीच वॉर्डात होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. तुळसा लालबागला त्यांच्या घरी गेली, तेव्हा सुनेनं तिला पाणी दिलं आणि सासऱ्यांबद्दल चांगलंच बोलली. दिव्याचा विषय तिनं काढला नाही. तुळसानं काढला. सून ऐकत राहिली, मग उठून आत गेली आणि तुळसा जाईपर्यंत बाहेर आली नाही.

यादीत अकरावं नाव राहिलं. रामदास घाडी, वय एक्केचाळीस, भायखळ्याच्या भाजीबाजारात हमाली. कच्चा आकडा तीनशे एक, साऱ्या यादीत सर्वांत जास्त. त्याच्या तपासणीच्या दिवशी तुळसाचा आकडा दीड-दोननं कमी असता तरी तो लाल झाला असता. दिलेला फोन कुणा दुकानदाराचा होता. तो उचलला जाई, आणि रामदास इथं नसतो एवढं सांगून ठेवला जाई.

तुळसा एका सकाळी बाजारात गेली. हाताला पट्टी होती, शस्त्रक्रियेला चार दिवस झाले होते. कोबीची पोती उतरत होती आणि चिखलात पाला तुडवला जात होता. तीन गाळ्यांवर विचारल्यावर चौथ्या गाळ्यावरच्या एका म्हाताऱ्या हमालानं तिला नीट बघून घेतलं.

"घाडी ना? गेला तो गावी. झाले दोन महिने."

कुठलं गाव, असं तिनं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. कोकणातलंच कुठलंतरी, एवढं तो म्हणाला. इथं तो गाळ्यावरच झोपायचा, सोबतीला कुणी नव्हतं. पोती उचलवत नाहीत म्हणायचा. पाय असे झाले होते, आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी केवढे ते दाखवलं.

"काय काम होतं?"

तुळसानं त्याला फोन नंबर लिहून दिला. गावाहून कुणी आलं, कुणी निरोप आणला, तर लगेच लावा म्हणाली. म्हाताऱ्यानं कागद टोपीत ठेवला आणि तो पुढच्या पोत्याकडं वळला. ती तिथंच कडेला उभी राहिली, येणाऱ्या-जाणाऱ्या हमालांना एकेक करून विचारत, घाडी, रामदास घाडी, कोणाला गाव माहीत आहे का. नऊच्या सुमाराला बाजार ओसरला. तिनं समोरून येणाऱ्या आणखी एकाला थांबवलं.